आवाज बंद ठेवून

चार स्क्रू. एवढ्याशा प्लास्टिकच्या पुडीत, काळे, भाताच्या दाण्याहून जरा मोठे — आणि पुडीशेजारी काउंटरच्या काचेवर टीव्हीचे दोन पाय, बदकाच्या पायांसारखे पसरट. दुकानातल्या राकेशने ते सगळं मनगटानेच बाजूला सारलं. "भिंतीवरच लावणार ना? मग हे लागत नाही, मावशी," असं म्हणत तो पुन्हा खोक्यात वाकला... आणि तेवढ्यात कुसाबाईंचा हात पुढे आला. पुडी त्यांनी उचलली, ट्यूबलाइटकडे धरून आत चारच आहेत ना ते पाहिलं, पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दातांनी घट्ट केली. चेहऱ्यावर विशेष काही नव्हतं. बाजारात कोथिंबीर घेतल्यावर जेवढं असतं तेवढंच.

"भितीवर नको," त्या म्हणाल्या. "पायावर उभा ऱ्हाऊ दे."

नेहमीच्याच वरच्या पट्टीत म्हणाल्या, त्यामुळे फ्रिजपाशी उभं असलेलं एक जोडपं वळून बघायला लागलं. योगिनीने त्यांना हसून दाखवलं. सासूबाईंबरोबर बाहेर पडताना असं एक हसू तिच्याजवळ तयारच असतं, 'ऐकू येत नाही हो त्यांना' एवढं सगळं त्यात मावतं. पण भिंत का नको, ते तिच्या लक्षात येईना. घरी हॉलमध्ये जुन्या टीव्हीची लोखंडी पट्टी भिंतीला अजून तशीच आहे. दिवाळीच्या आधी त्या टीव्हीवर हिरव्या रेघा उमटल्या, मग अर्धा पडदा काळा झाला, मग सगळाच, आणि कुणी फारसं हळहळलंही नाही. नवऱ्याला, संतोषला, आणि लेकीला, वेदिकाला, मोबाइल पुरत होता, योगिनीला बालवाडीत शिकवून आल्यावर वेळ नव्हता, आणि आई काहीच बोलल्या नव्हत्या. मग परवा अचानक, मेथी निवडता निवडता — "टीव्ही घ्यायचा मला. पैसे माझे हायेत. तू फक्त संगं चल."

संतोषला नाही सांगितलं. तू चल म्हणाल्या. ह्याचं तिला बरंच वाटलं होतं, उगाच कशाला खोटं बोला.

आणि आजची सकाळ तर... द्वारका चौकात रिक्षातून उतरल्यावर चारी बाजूंनी हॉर्न, ट्रकचे, बसचे, मधेच एका टेम्पोचा गाण्याचा हॉर्न, आणि त्या सगळ्या गदारोळात ही एकटीच बाई देवळात चालल्यासारखी शांत चालली होती. नुसती मान इकडे, मान तिकडे, आणि रस्ता पार. ती मला सांभाळून नेत होती की मी तिला, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात, त्यातला पहिला अर्धा भाग आईंच्या कानांबरोबरच गळून गेला असावा. राहिलेल्या अर्ध्यावर त्यांचं उत्तम चाललं आहे.

दुकानात भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांत एकच पोपट. पोपट उडाला की सगळीकडून उडत होता, मग धबधबा, मग कुठल्या तरी परदेशातलं निळंगार तळं. "मावशी, कलर बघा," राकेश म्हणाला. तिशीतला, गोड बोलणारा, गिऱ्हाइकाला पाणी विचारणारा माणूस.

आईंनी पोपटाकडे बराच वेळ पाहिलं. "ह्यो बोलतो का?"

"नाही... पोपट आहे तो. नुसता क्लॅरिटी दाखवायला."

"मंग मानूस दाव. बोलनारा."

राकेशने पेनड्राइव्हवरचा एक सिनेमा लावला तर तोही नको. घरी डिशच्या छत्रीवर जसं दिसेल तसं दाव म्हणाल्या. दुकानाच्या गच्चीवर दाखवण्यापुरती एक छत्री होती. रिमोटशी बरीच झटापट झाली, बाकीच्या टीव्हींवर पोपट उडत राहिले आणि शेवटी तीन टीव्हींवर मराठी बातम्या आल्या, सांगणारी बाई आकाशी साडीतली. "आवाज बंद कर," आई म्हणाल्या. राकेशने योगिनीकडे पाहिलं. योगिनीने मान हलवली, करा. मग प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, हात मांडीवर ठेवून, त्या बातम्या बघायला लागल्या — तिन्ही टीव्हींवर आळीपाळीने, स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यासारख्या.

पहिल्यावर बातम्यांच्या बाईने मान हलवली की ओठांचा नुसता लगदा होत होता. तो गेला. दुसरा भला मोठा, अर्धी भिंत खाणारा, राकेशचा लाडका. "एवढ्या मोठ्या तोंडाच्या मानसाशी बोलायची सवय नाय मला," म्हणून तोही गेला. तिसरा कोपऱ्यातला, बत्तीस इंची, फुल एचडी. ह्या मापात असा सहसा मिळत नाही म्हणे, शेवटचाच राहिला होता. छत्रीची वायर सरळ ह्याच्या पाठीत लागते, वेगळा डबा नको, आणि सरकारी फुकट छत्री घेतली तर महिन्याचा रिचार्जही नको. ह्याच्यासमोर आई थांबल्या. आकाशी साडीतली बाई बोलत राहिली आणि आईंचे स्वतःचे ओठ अगदी बारीक हलायला लागले. "गंगापूर धरनाचं पानी सोडनार हायेत," त्या म्हणाल्या. मग जाहिरात लागली, टूथपेस्टची, हसरी सून, पांढरे दात. आईंच्या कपाळावर आठी. "ही मराठी बोलत नाय."

राकेशने आवाज वाढवला. स्वच्छ, शहरी, लाडिक मराठी. तो हसला, "डबिंग केलंय मावशी, तोंड हिंदीच आहे तिचं." आई पुढची जाहिरात बघायला लागल्या. जे दिसतं ते त्यांना आधीच माहीत होतं, आवाजाने त्यात काय भर पडणार होती.

अशा वेळी योगिनीला आई जिथे राबल्या ती भाताची गिरणी दिसते. खरं तर तिने ती चालू कधीच पाहिली नाही. घोटीला लग्न होऊन गेली तेव्हा गिरणीचा पट्टा उतरला होता, आत कबुतरं होती. पण ऐकून ऐकून ती पाठ झालेली आहे — उभ्या आयुष्याचा धडधडाट, हवेत कोंडा, भुवयांवर कोंडा, आणि चाळण्यांपाशी ओळीने बायका, डोक्याला फडकी, तोंडाला नाही. तोंडाला फडकं बांधलं तर बोलणार कशा? मशिनच्या आवाजात कानाशी ओरडूनही काही उपयोग नव्हता, म्हणून त्या ओरडायच्याच नाहीत. आवाज न काढता नुसते ओठ हलवायच्या. ह्या टोकाच्या कुसाबाई त्या टोकाच्या सुमनबाईंना दिवसभराची गाऱ्हाणी, सासूची, पोराच्या गोवराची, सगळं सांगायच्या, मधल्या पोत्यांच्या थप्पीवरून. ओठांना जमलं नाही तर हात. वरच्या ओठावर बोट फिरवून मिशीला पीळ दिला की मालक आला. मूठ म्हणजे नाही. उघडा पंजा म्हणजे हो, आलं, झालं. पुढे कान गेले, दोघींचेही गेले, आणि गंमत अशी की दोघींच्या बोलण्यात त्यामुळे काहीच अडलं नाही. शिबिरात मिळालेलं कानाचं यंत्र आईंनी दोन दिवस लावून डब्यात ठेवून दिलं. "त्यात परत गिरनीच चालू होती," म्हणाल्या.

एकदा वेदिकाने त्यांना सुमनबाईंशी व्हिडिओ कॉल लावून दिला. पोरीने चुकून आवाज बंद केला होता आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. दोघी म्हाताऱ्या पोटभर बोलल्या, हसल्या, एकीने डोळे पुसले, दुसरीने तिला रागावलं, आणि सगळ्या घरात कुकरच्या शिट्टीखेरीज काही ऐकू आलं नाही. योगिनी ओट्यापाशी पोळी लाटायची थांबून ते बघत राहिली होती. आपण दिवसभर मुलांसमोर एवढं बोलतो, ओरडतो, गाणी म्हणतो... असं कुणाशी बोललो का कधी?

"हितं बस," दुकानात आई म्हणाल्या होत्या. स्टूल डावीकडे नेऊन त्यांनी तिरकं बघितलं, मग दुसरं स्टूल उजवीकडे ठेवून योगिनीला बसवलं. "तुला दिसतं का हितनं? तोंड दिसतं का नीट?"

"दिसतं."

"बघ नीट. दोघींना दिसलं पायजे."

दोघींना! केवढं बरं वाटलं होतं. बालवाडीतून आल्यावर चहाचा कप घेऊन आपण आईंच्या बाजूला बसलो आहोत, टीव्हीचा आवाज बंद, आणि आई मधून मधून सांगताहेत काय चाललंय ते, असं चित्रच डोळ्यांसमोर आलं. ह्या बाईने घरातल्या सगळ्यांत मला धरलं, असं काहीसं. लहान मुलाला मॉनिटर केल्यावर होतो तसला आनंद.

आता पुडी पदरात गेल्यावर राकेश भावाचं विचारायला मालकाच्या केबिनमध्ये गेला. केबिन दुकानाच्या पार मागे, चारी बाजूंनी काच, दार त्याने मागे लावून घेतलं. आत मालक गालात सुपारी धरून काही बोलले, राकेश काही बोलला. आई इकडे काउंटरला टेकून उभ्या, हनुवटी किंचित वर, चष्मा नाकावर खाली. राकेश चेहरा पाडून परत आला. "विचारलं मी, मावशी. नाहीच म्हणतात. आहे तोच भाव लास्ट."

"नाय म्हनले?"

"हो ना."

"ते तर म्हनले, शेवटचा पीस हाय, म्हातारी म्हनती त्या भावात देऊन टाक. पन लगीच हो म्हनू नको, जरा थांब." आईंनी हे कसलाही खवचटपणा न आणता सांगितलं, निरोप द्यावा तसं.

राकेशचे कान लाल झाले, आणि मग तोच आधी हसला. फ्रिजवालं जोडपं हसलं. मालक काय झालं म्हणून बाहेर आले आणि कळल्यावर सुपारी सांभाळत त्यांनी हातच जोडले, "मावशी, घ्या तुम्ही. आजपासून केबिनला पडदा लावतो." योगिनीही हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत... काय बाई आहे ही, काय बाई आहे! संध्याकाळी संतोषला हे सांगितलं पाहिजे, चहा घेऊन गॅलरीत गेलो की —

गॅलरी.

हसू तोंडावर तसंच राहिलं. त्याच्या मागचं हसणं मात्र सरकून गेलं होतं. हॉल आणि गॅलरी यांच्या मधे सरकती काच आहे. स्वच्छ काच, दर रविवारी आपणच वर्तमानपत्राने पुसतो. संतोष कामावरून, अंबडहून, आला की दोघं चहा घेऊन बाहेर जातात, काच ओढून घेतात. आईंना ऐकू येत नाही तरी ओढून घेतात — का? सवय. भिंतींना कान असतात असं लहानपणापासून ऐकलेलं, काचेचं कुणी काही सांगितलं नव्हतं.

संतोषने बदलीचं सांगितलं त्या दिवशी तो कठड्याला टेकला होता. योगिनी हॉलकडे तोंड करून उभी होती. मुद्दाम. आई उठून येतात का ते दिसावं म्हणून. म्हणजे आईंवर लक्ष ठेवायला म्हणून आपण आपलं तोंड त्यांच्या समोर धरलं होतं, संपूर्ण वेळ... आणि तेही बालवाडीच्या बाईचं तोंड. 'तुझं तोंड वाचायला लय सोपं,' आई लग्नानंतर लगेचच म्हणाल्या होत्या, 'शब्द कसा फोड करून देतीस.' आणि संतोषचं त्यांना कधीच वाचता येत नाही. ती झुपकेदार मिशी. 'काढ ती, मला माझ्या पोराचं बोलनं दिसत नाय,' हे त्या इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हणाल्या की त्याचा विनोदच होऊन गेला. संतोष मिशीवरून हात फिरवतो आणि हसतो.

तेव्हा तो काय म्हणाला ते आईंना दिसलं नसणार. मी काय म्हणाले ते दिसलं. तेवढंच दिसलं. योगिनी राकेशच्या काउंटरपाशी उभी राहून आठवायला लागली, आणि तिला ते आईंच्या बाजूने दिसायला लागलं, काचेच्या आतून, मधल्या मधल्या मोकळ्या जागांसकट —

चाकणला? कधीपासून?

वन आरके... आणि आईंना?

घोटीला.

हो, सुमनमावशी आहेत शेजारी, खरंय.

मलाही दमायला होतं रे, नाही असं नाही.

त्यांना आत्ता नको सांगूस.

ह्या एवढ्यात कोण दिसतं? एक सून दिसते. दुसरं कुणी दिसत नाही. घोटी हे त्याने काढलं होतं, सुमनमावशी त्याने काढली होती, आईला तिकडेच करमेल, चाकणच्या एका खोलीत ती काय करेल, हे सगळं मिशीमागून आलेलं. मी नुसतं धक्का बसून तेच तेच परत उच्चारत होते. माझ्या आवाजात त्या वेळी किती 'पण' होते, संतोषला विचारा. पण आवाजात होते. ओठांवर आवाज कुठून दिसणार? आणि आता हे आईंना सांगायचं तर कसं सांगायचं — 'ते मी नाही म्हणाले, तुमच्या मुलाने म्हटलं'? ह्या वयात आईला तिच्या पोराची चुगली करायची? असं सांगण्यापेक्षा मीच वाईट दिसलेली बरी, असं तिला क्षणभर वाटलं, आणि लगेच दुसरं वाटलं की हा मोठेपणाही आयताच मिळतो आहे. कारण एक वाक्य तर माझंच होतं. दमायला होतं. ते कुणाचं परत उच्चारलेलं नव्हतं.

आणि त्या दिवसापासून... त्या दिवसापासून ती बालवाडीतून घरी येते तेव्हा कपड्यांच्या घड्या झालेल्या असतात. कणीक मळलेली असते, ओल्या फडक्याखाली. लसूण सोललेला. दोरीवरची तिची साडी इस्त्रीवाल्याकडे पोचलेली. तिला वाटलं होतं, टीव्ही नाही, वेळ जात नाही बिचारीचा. तिने एकदा वेदिकाला म्हटलंही होतं, बघ, टीव्ही बंद पडल्याचा फायदा.

"खोका फाडू नको हां," आई राकेशला सांगत होत्या. "जसा हाय तसा बांध. थर्माकोलपन ठेव आत."

पाय. खोका. रिचार्ज नसलेली छत्री. माणसाला एकट्याने उचलता येईल एवढाच टीव्ही. दोघींना दिसलं पायजे... दोघी कोण, ते योगिनीला आत्ता कळलं. डावीकडच्या स्टुलावर कुसाबाई, उजवीकडच्या स्टुलावर सुमनबाई. आपल्याला फक्त तिच्या जागी बसवून बघितलं होतं, मापाला.

रिक्षात खोका दोघींच्या मधे उभा राहिला, छत्री मागे बांधलेली. बोलायचं तर आईंच्या हाताला हात लावावा लागतो, मग त्या वळतात, मग तोंड बघतात. योगिनीने दोनदा हात उचलला. एकदा खोका सावरला, एकदा केस. पुलाखाली सिग्नलला गाड्या थांबल्या. आई बाहेर बघत होत्या आणि मधूनच त्यांच्या त्या वरच्या पट्टीत म्हणाल्या, "त्या गाडीतली पोरगी रडतीये बघ. फोनवं आईला सांगतीये, मी खुशाल हाय." योगिनीने पाहिलं. बंद काचेमागे एक मुलगी हसऱ्या चेहऱ्याने फोनवर बोलत होती. रडत कुठे होती? मग सिग्नल सुटता सुटता तिने डोळे पुसले.

राग येत नाही का ह्यांना? मला आला असता. मी भांडी आपटली असती, माहेरी फोन केले असते, चार दिवस अबोला धरला असता. ह्या बाईने ऐकलं — बघितलं — आणि एका बाजूला माझी कणीक मळली आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या जाण्याची तयारी सुरू केली, आणि त्या तयारीला बरोबर कुणाला घेतलं, तर मलाच. टोमणा म्हणून? छे, टोमणा मारायचा तर त्यांना तोंड आहे, आणि आवाजही आहे चांगला. मग कशाला? की त्यांना खरंच जायचंय? हे तर आपण कुणी विचारलंच नाही. चाकणच्या त्या एका खोलीत आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघत बसण्यापेक्षा सुमनबाईंशेजारी बसणं कुणाला आवडणार नाही, मलासुद्धा आवडेल. त्यांना काढलं जातंय की त्या सुटताहेत... आणि मला त्यांनी राहावं असं खरंच वाटतंय की मी चांगली दिसावी एवढंच? रिक्षा पाथर्डी फाट्याला वळली तरी तिला यातलं एकही धड ठरवता आलं नाही. एवढंच कळत होतं की शेजारी बसलेल्या बाईइतकं सरळ आपल्याला आयुष्यात कधी बसता आलेलं नाही.

छत्री लावायला भिकन आला, चाळिशीचा, कमरेला पक्कड लटकवलेला. गच्चीवर जाण्याआधी आईंनी त्याला दारातच गाठलं. "खोलून दुसरीकडं नेता येती ना ही?"

"येते की, आजी. चार नट. जिथं न्याल तिथं आग्नेयेला तोंड करायचं, झालं."

आईंनी त्याच्या ओठांवरून ते सगळं टिपलं आणि समाधानाने मान हलवली. मग खाली बसून त्यांनी पदराची गाठ सोडली. पुडी दातांनी फोडली. योगिनीने पडदा आडवा धरला आणि त्यांनी एकेक स्क्रू पिळला, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून, वेदिका चित्र काढताना धरते तशी. टीव्ही टीपॉयवर दोन पायांवर उभा राहिला. रिकामा खोका त्यांनी पलंगाखाली सरकवला, झाकणाची बाजू बाहेर.

भिकनचा आवाज गच्चीवरून थेट गॅलरीत येत होता, म्हणून योगिनी बाहेर जाऊन उभी राहिली. काच तिने ओढून घेतली. हात आपोआपच गेला. "आलं का?" वरून. योगिनीने काचेतून आत पाहिलं. आईंनी मूठ दाखवली. "नाही!" वरती नट फिरल्याचा खरखर आवाज. "आता?" मूठ. "नाही अजून." मग जरा वेळाने मूठ उघडली, पाचही बोटं, आणि त्यांच्या खांद्यामागे पडद्यावर कुणीतरी भजन म्हणत होतं, टाळ घेतलेला एक म्हातारा, त्याच्या ओठांवरची घामाची लकाकीसुद्धा दिसत होती. काय सुंदर दिसत होतं. "आलं!" योगिनी ओरडली. "मग करू का टाइट?" भिकनने विचारलं. "करा," ती म्हणाली, आणि वाटलं, नको म्हणायला हवं होतं का? पण छत्रीशी कशाला भांडा.

तेवढ्यात फोन वाजला. संतोष. "काय घेतलं? किती इंची? भिंतीवर लावला ना?"

योगिनी सवयीने रस्त्याकडे वळली, काचेकडे पाठ करून. खाली एक भाजीवाला गाडी ढकलत होता. अशीच पाठ करून बोलायला शिकायचं आता, आई घोटीला जाईपर्यंत. तेवढे दिवस जातील. पुढे प्रश्नच नाही... तिला ते इतकं सोपं दिसलं की तिची तिलाच शिसारी आली.

ती वळली. टीव्ही चालू होता, पण आई टीव्हीकडे बघत नव्हत्या. तिच्याकडे बघत होत्या, हात मांडीवर, हनुवटी किंचित वर.

"संध्याकाळी लवकर ये," योगिनी म्हणाली. फोन तिने कानापासून थोडा दूर धरला, तोंडाआड येऊ नये म्हणून. मुलांना म्हणते तसं, एकेक शब्द फोडून. "घोटीचं आईंशी तू बोलायचं. समोर बसून. आणि बोलायच्या आधी मिशी काढायची."

"काय? मिशी? काय झालंय काय?"

"आईंना इतके दिवस एकट्या माझंच तोंड दिसलंय, संतोष. आता तुझंही दिसू दे. आणि दमायला होतं म्हणाले होते, ते माझं आहे. ते मी त्यांना माझं सांगेन."

पलीकडे तो बहुधा मिशीवरून हात फिरवत असेल. तिने फोन बंद केला.

आत आईंनी उजवा हात उचलला आणि वरच्या ओठावरून बोट फिरवून हवेत एक पीळ दिला. मालक. ही खूण मला येते. मला हसू फुटलं, त्यांनाही फुटलं, काचेच्या दोन्हीकडे आम्ही दोघी हसलो. मग त्या हसायच्या थांबल्या आणि बोलायला लागल्या, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, गिरणीत बोलत असतील तसं, सुमनबाईंशी बोलतात तसं. लांबलचक काहीतरी होतं. मधे एकदा त्यांनी पलंगाकडे हात केला, खोका होता तिकडे, आणि एकदा स्वतःच्या शेजारची रिकामी जागा तळहाताने थोपटली. ती जागा कुणाची म्हणाल्या, माझी की सुमनबाईंची? जाते म्हणाल्या, की जाऊ देऊ नको म्हणाल्या, की गप बस म्हणाल्या? मला एक शब्दही वाचता आला नाही. इतकी वर्षं मी ह्या बाईसमोर तोंड चालवलं आणि एकदाही तिच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं, ती बोलायची आणि मला ऐकू यायचं, मग बघायचं कशाला...

हात काचेच्या कडीवर गेला. सरकवली असती तर त्यांनी त्यांच्या त्या मोठ्या आवाजात सांगितलंही असतं सगळं, गच्चीवरच्या भिकनलासुद्धा ऐकू गेलं असतं. मी कडी सोडली. काचेच्या अगदी जवळ गेले, इतकी की श्वासाने समोर धुकं धरलं, ते बाहीने पुसलं.

पुन्हा सांगा, आई, मी म्हटलं. आवाज काढला नाही.

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, चष्मा वर सारला, आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या. ह्या वेळी हळू, बालवाडीतल्या मुलाला सांगावं तसं.